अतिखारे पाणी आणि पटलाची कसोटी

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे शहर सुती होजिअरीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. सुती कापडावर रंग नीट बसावा म्हणून रंगाच्या द्रावणात मीठ मोठ्या प्रमाणात घालावे लागते. रंग धाग्यात उतरतो. मीठ मात्र पाण्याबरोबर बाहेर पडते. अनेक वर्षे हे पाणी नोय्यल नदीत जात राहिले आणि खालच्या अंगास असलेल्या ओरत्तुपाळयम धरणातील पाणी शेतीस निरुपयोगी होऊन बसले. शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. सांडपाण्याचा थेंबही बाहेर सोडू नये, ही अट न पाळणारे कापड रंगविण्याचे कारखाने बंद करावेत, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला. पाणी व मीठ वेगळे करणे ही त्या उद्योगाच्या दृष्टीने जीवनमरणाची बाब ठरली ती अशी.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे व्यस्त परासरण. घरगुती जलशुद्धी यंत्रांमुळे ते ‘आरओ’ या नावाने परिचित आहे. अर्धपार्य पटलाच्या एका बाजूस गोडे व दुसऱ्या बाजूस खारे पाणी ठेवले, तर गोडे पाणी आपोआप खाऱ्याकडे जाते. हा ओघ थोपविण्यास खाऱ्या बाजूवर जेवढा दाब द्यावा लागतो, तो परासरण दाब होय. त्याहून अधिक दाब दिला की ओघ उलटतो. पाणी पलीकडे जाते, मीठ मागे राहते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा परासरण दाब हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट भरतो. त्यातील निम्मे पाणी काढून घेतले की उरलेले दुप्पट खारे होते व दाबही त्याच प्रमाणात चढतो. प्रत्येक पुढचा पेला मागच्यापेक्षा महाग पडतो तो यामुळे.

सेल्युलोज ॲसिटेटचे पटल मीठ अडवू शकते, हे रीड व ब्रेटन यांनी १९५९ च्या सुमारास फ्लोरिडात दाखविले. पण त्यातून पाणी अगदीच मंद झिरपत असे. थोड्याच काळात लॉस एंजेलिस येथे लोब आणि मूळचे भारतीय असलेले सुरीराजन यांनी निराळे पटल घडविले. त्याचा वरचा पापुद्रा अतिशय पातळ होता आणि खालचा भाग स्पंजासारखा सच्छिद्र. पुढे १९७० च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी वेगळ्या सच्छिद्र आधारावर पॉलिअमाइडचा थर चढविला. हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास जाड असतो, आणि आजची बहुतेक पटले याच वंशातील आहेत.

पापुद्रा आणखी पातळ केला की काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. अतिखाऱ्या पाण्याच्या बाबतीत मात्र या विचाराने फारसे हाती लागत नाही. पाणी झपाट्याने पलीकडे गेले की मागे राहिलेले मीठ पटलाच्या पृष्ठभागालगत साचते. त्या चिंचोळ्या थरातील परासरण दाब वाढतो आणि पंपाने दिलेला जोर तेथेच खर्ची पडतो. शिवाय २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे आढळले की, घनता सर्वत्र सारखी असलेला थर किंचित जाड असूनही अधिक पाणी सोडतो. जाडीपेक्षा जडणघडणीची समानता महत्त्वाची ठरली.

खरी कसोटी लागते ती खालच्या आधाराची. समुद्राच्या पाण्यासाठीची नेहमीची पटले हवेच्या दाबाच्या सुमारे ८० पटींपर्यंत टिकाव धरतात. त्यापलीकडे स्पंजासारखा भाग दबतो, छिद्रे मिटतात, आणि दाब काढून घेतल्यावरही ती पूर्ववत होत नाहीत. म्हणून अधिक ताठ आधार व त्याच्या पृष्ठभागावर अधिक बारीक छिद्रे यांवर संशोधकांचा भर आहे. १२० पट दाब सोसणारी पटले आता उपलब्ध झाली आहेत.

एवढी खटपट कशासाठी, हे साध्या हिशेबाने कळते. लिटरमागे ७० ग्रॅम मीठ असलेले पाणी पटलानेच १४० ग्रॅमपर्यंत दाट केले, तर पुढे बाष्पित्रात आटवावयाचे पाणी निम्म्यावर येते. आटविणे हे या साखळीतील सर्वांत खर्चाचे काम. परंतु १४० ग्रॅम मिठाच्या द्रावणाचा परासरण दाबच सुमारे सव्वाशे पट असतो; म्हणजे सर्वांत दणकट पटलही येथे तोकडे पडते.

यावर सुचलेला एक उपाय प्रथमदर्शनी उफराटा वाटेल. मीठ पूर्णपणे न अडविणारे, मुद्दाम थोडे ‘गळके’ पटल वापरावयाचे. पलीकडील पाणीही खारट राहिल्याने दोन्ही बाजूंच्या परासरण दाबांतील फरक घटतो आणि माफक दाबावर काम निभते. ते खारट पाणी आधीच्या टप्प्यावर परत पाठवितात. तेथील घट्ट पटल त्यातून गोडे पाणी वेगळे करते. दाट झालेले द्रावणही वाया जाण्याचे कारण नाही. पुरेसे शुद्ध केले तर ते पुन्हा रंगाच्या हौदात घालता येते, आणि मिठाच्या द्रावणाचा असा पुनर्वापर तिरुप्पूरमध्ये होतही आला आहे.