क्यूची टिप घरीच बदला

काल क्लबमध्ये एक मुलगा सारखा मिसक्यू करत होता. त्याच्या क्यूची टिप झिजून फेरूलला (टिपखालच्या कड्याला) टेकली होती आणि वरून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. अशा टिपवर चॉक बसतच नाही.

टिप सहसा चामड्याची असते. पूलची साधारण 12 ते 13 मिमी, स्नूकरची 9 ते 10. नवी घेताना फेरूलपेक्षा किंचित मोठीच घ्या.

जुनी टिप ब्लेडने काढा. आता खरं काम: फेरूलवरचा जुना गोंद पूर्ण खरवडून पृष्ठभाग अगदी सपाट करा. टिप निघते ती बहुतेकदा इथल्याच घाईमुळे. नव्या टिपचा तळही पॉलिश पेपरवर हलका घासा.

सुपरग्लू जेलवालाच वापरा, पातळ गोंद चामड्यात मुरतो. एकच थेंब, मधोमध टिप, मिनिटभर घट्ट दाब. रात्रभर ठेवलं तर उत्तम.

मग फेरूलला टेप गुंडाळा, क्यू उलटा धरून टिप लाकडी पाटावर दाबा आणि बाहेर आलेली कड धारदार ब्लेडने कापा. शेवटी पॉलिश पेपरने टिपला घुमटासारखा आकार द्या. हा घुमट मला फार महत्त्वाचा वाटतो, स्पिन देताना तो उपयोगी पडतो.

तुमचा क्यू कोणता? काही अडलं तर विचारा, फोटोही टाका.