हुकूम निघाला, पण पोचला का?

कारखान्याच्या फाटकाजवळ नोटीस लावण्याची रीत आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने मालकावर असे बंधन घातले होते की, प्रमाणित झालेले आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ व प्रत्येक खात्यात ठळकपणे लावले पाहिजेत. या कलमामागचे तत्त्व साधे होते. ज्याने हुकूम काढला, त्यानेच तो पोचवण्याची जबाबदारी घ्यावी. आज कचेरीतले बरेच हुकूम भिंतीवर लागत नाहीत. ते संगणकाला सोडलेले असतात, आणि संगणकाला ते पोचले नाहीत की जाब मात्र संगणकापुढे बसलेल्या माणसाला विचारला जातो.

मीरा रोड-भाईंदरची हजारो माणसे रोज सकाळी लोकलने मालाड, गोरेगाव, अंधेरीच्या कचेऱ्यांत जातात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्यांपैकी अनेकांचे काम घरी आले आणि कंपनीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आला. तेव्हापासून आमच्याकडे एक नव्या जातीची तक्रार येऊ लागली. सकाळी लॅपटॉप उघडावा तो पडद्यावर सूचना : 'हे उपकरण कंपनीच्या नियमांत बसत नाही.' मेल बंद, काम बंद. वरिष्ठ म्हणतात, तुम्ही अपडेट केले नाही. आयटीवाले म्हणतात, आमच्याकडून पॉलिसी गेली आहे. आणि महिनाअखेर पगारात दोन दिवस कापलेले. दोष कोणाचा, हे ठरवायचे तर आधी हुकूम कोणत्या वाटेने जातो ते समजून घेतले पाहिजे. ती वाट मुळीच अवघड नाही.

कंपनीचे शेकडो संगणक असतात. प्रत्येकाजवळ माणूस पाठवणे शक्य नसते. म्हणून पासवर्ड किती अक्षरी असावा, पडद्याला कुलूप केव्हा लागावे, पेन-ड्राइव्ह चालू द्यावा की नाही, असे नियम एका मध्यवर्ती सर्व्हरवर लिहून ठेवतात. या नियमांच्या जुडग्याला पॉलिसी म्हणतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ही व्यवस्था 'ग्रुप पॉलिसी' या नावाने आणली आणि पुष्कळ कचेऱ्यांत ती अजून चालते.

यातली पहिली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, सर्व्हर हा हुकूम घरपोच करीत नाही. संगणकाने स्वतः सर्व्हरकडे जाऊन 'माझ्यासाठी काही आहे का?' असे विचारायचे असते. यंत्रासाठीचे नियम तो सुरू होताना विचारतो, माणसासाठीचे नियम माणूस लॉगिन करताना विचारतो, आणि पुढे सामान्यतः दर ९० मिनिटांनी विचारतो. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून या वेळेत शून्य ते ३० मिनिटांची भर पडते. म्हणजे दहा वाजता काढलेला हुकूम साडेदहाला दिसला नाही, तर त्यात बिघाड काहीच नाही.

भाईंदरच्या मिठागरात खाडीचे पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडतात. शेवटचा कप्पा कोरडा राहिला तर जाणता आगरी त्या कप्प्याला दोष देत नाही. तो बांधाबांधाने मागे चालत जातो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. पॉलिसीचेही तसेच पाहावे.

पहिला बांध वाटेचा. संगणकाला सर्व्हरचे नाव ठाऊक असते, पण पत्ता शोधावा लागतो. तो सांगणाऱ्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. घरचे वायफाय बाहेरच्या जगाच्या डीएनएसला विचारते आणि त्याला कंपनीच्या आतल्या सर्व्हरचा पत्ता बहुधा ठाऊक नसतो. व्हीपीएन जोडले की वाट मोकळी होते. परंतु बहुतेक ठिकाणी व्हीपीएन लॉगिन झाल्यावर जोडले जाते. नवे सॉफ्टवेअर बसवण्यासारखे काही नियम तर यंत्र सुरू होताना किंवा लॉगिनच्या वेळीच लागू होतात. त्या क्षणी वाट बंद असते. सहा महिने घरून काम करणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या लॅपटॉपवर असा नियम एकदाही पोचत नाही, याचे कारण हे.

दुसरा बांध घड्याळाचा. संगणकाचे आणि सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटांहून अधिक चुकले, तर सर्व्हर त्याची ओळख मान्य करीत नाही.

तिसरा बांध ओळखीचा. माणसाप्रमाणे यंत्रालाही सर्व्हरकडे स्वतःचा पासवर्ड असतो आणि तो साधारणतः दर ३० दिवसांनी आपोआप बदलतो. दुरुस्तीच्या वेळी कोणी संगणकावर जुनी प्रत परत चढवली, तर जुना पासवर्ड परत येतो आणि सर्व्हर त्या यंत्राला परका समजतो.

चौथा बांध पत्त्याचा. नियम कोणत्या खात्याला लागू, हे सर्व्हरवर लिहिलेले असते. माणसाची बदली हिशेब खात्यात झाली, पण त्याचा लॅपटॉप नोंदीत विक्री खात्यातच राहिला, तर त्याला विक्री खात्याचेच नियम मिळत राहणार. नोंद दुरुस्त केली तरी, नवे गट कळण्यासाठी यंत्र पुन्हा सुरू करावे लागते आणि माणसाला पुन्हा लॉगिन करावे लागते.

पाचवा बांध सर्व्हरांच्या आपसातला. मोठ्या कंपनीत सर्व्हर अनेक असतात आणि ते एकमेकांची नक्कल ठेवतात. शिवाय एका पॉलिसीचे दोन भाग असतात. तिची नोंद एकीकडे आणि तिच्या फायली दुसरीकडे. एकाची नक्कल झाली, दुसऱ्याची अडकली, तर एका शहरात नवा नियम आणि दुसऱ्या शहरात जुना, असा प्रकार होतो.

सहावा बांध हुकमांच्या भांडणाचा. आधी यंत्रावरचा स्थानिक नियम, मग त्या ठिकाणाचा, मग साऱ्या कंपनीचा, मग खात्याचा, या क्रमाने नियम लागतात. नंतरचा आधीच्याला मोडतो. वरच्या नियमावर 'सक्तीचा' असा शिक्का असेल तरच तो टिकतो. येथे हुकूम पोचलेला असतो, पण दुसऱ्या हुकमाने त्याला बाजूला सारलेले असते.

या सहांपैकी किती गोष्टी लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसाच्या हातात आहेत? व्हीपीएन जोडणे आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे, एवढ्याच.

दोष वरचा असल्याचे एक ठळक उदाहरण जून २०१६ चे आहे. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक दुरुस्ती काढली. तिच्यानंतर माणसासाठीची पॉलिसीही त्या यंत्राच्या ओळखीने वाचली जाऊ लागली. ज्या कंपन्यांनी वाचण्याची परवानगी फक्त ठरावीक माणसांना दिली होती आणि यंत्रांना दिली नव्हती, तेथे चालत्या पॉलिसी रातोरात लागू होईनाशा झाल्या. उपाय सर्व्हरवर परवानगी जोडण्याचा होता. कोणाही कर्मचाऱ्याने आपल्या लॅपटॉपवर काहीही केले असते तरी उपयोग नव्हता.

अलीकडे पुष्कळ कंपन्या इंट्यूनसारखी व्यवस्था वापरतात. ती इंटरनेटवरून चालते, म्हणून व्हीपीएनचा अडथळा टळतो. पण तिलाही आपले वेळापत्रक आहे. एकदा नोंदणी स्थिरावली की यंत्र सुमारे दर आठ तासांनी हजेरी देते. मधून हाक येते, पण यंत्र झोपलेले असेल तर ती ऐकू येत नाही. आणि मुदत बदलली नसेल तर, ३० दिवस हजेरी न दिलेले यंत्र नियमबाह्य ठरते. बाळंतपणाच्या रजेवरून किंवा लांबच्या आजारातून परतलेल्या बाईचा लॅपटॉप पहिल्याच सकाळी अडतो तो यामुळे. रजा मंजूर करणाऱ्या कंपनीला हे आधी ठाऊक असायला हवे.

दोष शोधण्याची रीत एका प्रश्नाने सुरू करावी : एकट्याचे अडले आहे की सगळ्यांचे? सगळ्यांचे असेल तर सर्व्हरकडे पाहावे. एकट्याचे असेल तर तोच माणूस दुसऱ्या यंत्रावर बसवून पाहावा, आणि त्याच यंत्रावर दुसरा माणूस. बिघाड माणसाच्या नोंदीत आहे की यंत्राच्या, हे तेवढ्यात कळते. मग पुरावा घ्यावा. विंडोजमध्ये 'जीपीरिझल्ट' नावाची आज्ञा आहे. कोणते नियम लागले, कोणते नाकारले गेले आणि का, याचा अहवाल ती देते. स्वतःपुरता भाग साधा कर्मचारीही काढू शकतो. यंत्राचा भाग काढण्यास आयटी खात्याचा अधिकार लागतो. 'जीपीअपडेट' ही आज्ञा नियम ताबडतोब मागवते. यंत्राच्या इव्हेंट नोंदवहीत तर प्रत्येक प्रयत्न वेळेसह लिहिलेला असतो. सर्व्हरपर्यंत पोचता आले नाही तर ११२९ क्रमांकाची नोंद पडते, पॉलिसीची फाईल वाचता आली नाही तर १०५८ ची. इंट्यूनमध्ये प्रत्येक यंत्रापुढे यशस्वी, प्रलंबित, त्रुटी, संघर्ष असा शेरा असतो.

म्हणजे या व्यवहारात साक्षीदार नाही असे कधी होत नाही. यंत्र स्वतःच साक्षीदार आहे. त्याची साक्ष न घेता पगार कापणे हा अन्याय होय. १९३६ च्या वेतन कायद्याने, हयगयीमुळे झालेल्या नुकसानीची रक्कम कापण्यापूर्वी कामगाराला कारण दाखवण्याची संधी देणे आवश्यक केले होते. यंत्राच्या युगात ती संधी म्हणजे ती नोंदवही उघडून दाखवणे.

सर्व सत्ता एका ठिकाणी असली की चूकही एका ठिकाणाहून सर्वत्र जाते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरची एक सदोष फाईल जगभर गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या दिवशी कोणी कारकुनाला 'तुम्ही अपडेट केले नाही' असे म्हटले नाही, कारण दोष साऱ्या जगाला दिसत होता. एकट्याचा लॅपटॉप अडतो तेव्हाही हाच न्याय लागू व्हावा.

म्हणून प्रत्येक कचेरीत तीन गोष्टी मागून घ्याव्यात. लॅपटॉप अडल्याची तक्रार वेळेसह लेखी घेतली जावी. तिच्यासोबत यंत्राचा अहवाल जोडला जावा आणि त्याची प्रत कर्मचाऱ्यास मिळावी. आणि दोष ठरेपर्यंत तो वेळ कामाचा धरला जावा. मागणी करताना 'संगणक चालत नाही' एवढेच म्हणू नये. कोणत्या बांधावर पाणी अडले ते विचारावे. ज्याला वाट ठाऊक आहे, त्याला उडवाउडवीचे उत्तर देणे कठीण जाते.