वापरायला सोपी वेबसाईट

मुलांनो, दुकानात सामान नीट मांडलेले असले, की गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू लवकर सापडते. वेबसाईटचेही तसेच आहे. वेबसाईटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात. संकेतस्थळ दिसायला कितीही सुंदर असले, पण त्यावर आपले काम झाले नाही, तर त्याचा काय उपयोग?

आपल्या भंडारा जिल्ह्यातील उदाहरण पाहू. धानाच्या हंगामात पीककर्ज घेताना शेतकऱ्याला सातबारा लागतो. सात नंबरच्या नमुन्यात जमिनीच्या मालकाची आणि बारा नंबरच्या नमुन्यात पिकांची नोंद असते. पूर्वी या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे जावे लागे. आता तो 'महाभूलेख' या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतो.

समजा, लाखांदूर तालुक्यातील एक शेतकरी मोबाईलवर हे संकेतस्थळ पहिल्यांदाच उघडतो. जिल्हा, तालुका आणि गाव त्याला यादीतून निवडता येतात. गट क्रमांक आठवत नसेल, तर नावाने शोधता येते. म्हणजेच त्याच्या स्मरणशक्तीवर भार पडत नाही. जेकब नील्सन या तज्ज्ञांनी १९९४ मध्ये दहा नियम मांडले. त्यांतला हा एक नियम आहे. काम कुठवर आले ते कळावे, चुकल्यास मागे फिरता यावे आणि चूक साध्या भाषेत सांगावी, हेही त्यांचेच नियम आहेत. 'एरर ४०४' वाचून शेतकऱ्याला काय समजणार? 'हे पान सापडले नाही' असे लिहिले, तर लगेच समजेल.

शब्द स्पष्ट नसतील, तर नुकसानही होते. नुसता पाहण्याचा उतारा फुकट मिळतो, पण तो कायदेशीर कामाला चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीचा उतारा घ्यावा लागतो. हा फरक ठळक दिसला नाही, तर शेतकरी चुकीचा कागद घेऊन बँकेत जाईल. त्याची एक दिवसाची मजुरी बुडेल आणि बसभाडेही वाया जाईल.

वाचणाऱ्याची सवयही ध्यानात घ्यावी लागते. मराठी आपण डावीकडून वाचतो, तर उर्दू उजवीकडून. म्हणून उर्दू संकेतस्थळावर मजकूर उजवीकडून सुरू होतो. मराठी पानाची मांडणी तशीच ठेवून नुसते शब्द उर्दूत लिहिले, तर वाचणारा गोंधळतो.

तुम्ही कधी शाळेसाठी संकेतस्थळ तयार केले, तर ते पाच जणांना वापरायला द्या. नील्सन यांच्या मते एका चाचणीला पाच माणसे पुरेशी असतात. 'परीक्षेचा निकाल शोधा,' एवढेच सांगा आणि गप्प बसून पाहा. ते कुठे अडतात ते वहीत लिहा. अडणाऱ्याला अडाणी म्हणू नका. तो अडला, तर पान सुधारा. आजोबांना कोणालाही न विचारता आपले काम करता आले, म्हणजे तुमचे संकेतस्थळ चांगले झाले असे समजा.