काच की कॉइल? आधी तवा बघा
स्वयंपाकघरातली ऊर्जा : भाग 6

मागच्या भागात गॅसच्या बर्नरविषयी वाचलं. विजेवर रांधायचं ठरवलं की पैठणच्या गिऱ्हाइकापुढे तीन वस्तू येतात : उघड्या कॉइलची शेगडी, आणि वरून सारख्याच दिसणाऱ्या काचेच्या दोन, इन्फ्रारेड अन् इंडक्शन. घोटाळा होतो तो या दोन काचांमध्ये.

कॉइलच्या शेगडीत खाचांच्या चकतीवर नायक्रोमची तार बसवलेली असते. तार तापते, लाल होते, वरचं पातेलं तापवते. भांडं कुठलंही चालतं. तार तुटली तर थोडक्या पैशांत नवी बसते. पण या तारेत उघडी वीज खेळत असते. स्टीलचा डाव तिला टेकला किंवा पातेल्याचं बूड लागलं, तर करंट थेट हातात येतो. फरशी ओली आणि पाय अनवाणी असले तर जिवावर बेततं. लेकरंबाळं असलेल्या घरात ही शेगडी नकोच.

काचेचा जन्म मात्र गमतीचा. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत 1953 मध्ये डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी 600 अंशांऐवजी 900 पर्यंत चढली. आतली काच पांढरी, अपारदर्शक झाली आणि हातून निसटून पडली तरी फुटली नाही. त्यातून ग्लास-सिरॅमिक आलं. शेगडीवरची काच त्याच जातीची. उष्णतेनं ती जवळपास प्रसरण पावतच नाही, म्हणून मध्ये निखाऱ्यासारखी आणि कडेला कोमट असूनही तडकत नाही. वरून लोखंडी तवा आपटला तर मात्र तडा जातो, आणि तडा गेलेली शेगडी लगेच बंद करावी, कारण सांडलेलं पाणी आतल्या विजेपर्यंत झिरपतं.

इन्फ्रारेडमध्ये या काचेखाली तापणारी तारच असते. ॲल्युमिनियम, पितळ, सगळं चालतं. बंद केल्यावरही काच बराच वेळ पोळते. इंडक्शनमध्ये तार स्वतः तापत नाही. तिचं बदलतं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करतं. त्यामुळे बुडाला लोहचुंबक चिकटला पाहिजे. घरातली ॲल्युमिनियमची पातेली इथे बाद.

मराठवाड्यात खरी परीक्षा भाकरीची. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी तवा उतरवून आचेवर फुगवायची. इंडक्शनवर तवा उचलला की उष्णताच थांबते. भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते. खोलगट तवा तर नीट तापतही नाही. इन्फ्रारेडवर तो तवा चालतो आणि काचेवर जाळी ठेवून भाकरी शेकताही येते. येसरची आमटी, दूध, चहा, वरण यांना इंडक्शन उत्तम.

आता बिलाचं. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बर्नरवर तिच्यातली दोन तृतीयांश भांड्याला मिळते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर अंदाजे 140 युनिटांत होतो, कॉइलवर 170 च्या आसपास. महावितरणचे घरगुती दर 100 युनिटांनंतर एकदम चढतात, तेव्हा गॅस सोडून सगळंच विजेवर नेलं तर हा चढ्या दराचा भाग आधी मोजावा.

व्होल्टेज उतरलं की कॉइलची दमछाक होते. 230 चे 180 व्होल्ट झाले तर तिची ताकद साधारण 60 टक्क्यांवर येते. त्याच परिस्थितीत इंडक्शन एका मर्यादेपर्यंत निभावून नेतं आणि त्याखाली सरळ बंद पडतं.

गावाजवळच्या जायकवाडी धरणावर 12 मेगावॅटचं वीजगृह आहे. 2000 वॅटच्या शेगड्या एकाच वेळी पेटवल्या तर 6000 शेगड्यांत त्याची सारी क्षमता संपते. संध्याकाळच्या भाकरीच्या वेळी विजेवर किती ताण येऊ शकतो, याचा त्यावरून अंदाज यावा. अशी एक शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या पॉइंटला ती लावू नये. वायरमनकडून 16 अँपिअरचा पॉइंट, जाड वायर आणि अर्थिंग करून घ्यावं.

गॅस ठेवून जोडीला एकच शेगडी घ्यायची तर इंडक्शन घ्यावं. गॅस नसलेल्या भाड्याच्या खोलीत इन्फ्रारेड बरं. दुकानात जाताना घरचा तवा आणि एक लोहचुंबक बरोबर न्यावा.

(पुढच्या भागात : कुकरच्या शिट्या आणि वाया जाणारी वाफ)