काँक्रीटची पृष्ठहानी व दुरुस्ती, घरांच्या बांधकामातील

काँक्रीटच्या पृष्ठभागावर भेगा पडणे, भुकटी सुटणे, पापुद्रे निघणे, लवणांचे पांढरे थर जमणे किंवा आतील पोलादी सळ्या उघड्या पडणे, या विकारांना पृष्ठहानी म्हणतात. हे विकार वरवरचे दिसत असले, तरी त्यांचे मूळ बहुधा काँक्रीटच्या अंतर्भागात, त्यात वापरलेल्या पाण्यात किंवा पायाखालील जमिनीत असते. मूळ कारण दूर न करता वरून गिलावा केल्यास हानी केवळ झाकली जाते व आतून वाढत राहते.

बुलढाणा जिल्हा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जिल्ह्याचा दक्षिण भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांचा व पठाराचा असून उत्तर भाग पूर्णा नदीच्या गाळाच्या मैदानाचा आहे. या मैदानातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद इ. तालुक्यांचा काही भाग ‘खारपाण पट्टा’ म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल खारे असून जमीन काळी व चिकण आहे. बांधकामाची खडी मात्र दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची, म्हणजे सामान्यतः कठीण व टिकाऊ असते. त्यामुळे येथील हानीचे कारण शोधताना पाणी, माती व उन्हाळा यांचा विचार प्रथम करावा लागतो. थंड देशांत छिद्रांतील पाणी गोठून पृष्ठभाग फुटतो. ते कारण येथे लागू नाही.

कारणे : घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये परस्परांना जोडलेली सूक्ष्म छिद्रे असतात. जमिनीतील ओल केशाकर्षणाने त्यांतून वर चढते. पृष्ठभागाजवळ पाण्याचे बाष्पीभवन होते व विरघळलेल्या लवणांचे स्फटिक मागे राहतात. स्फटिक वाढताना छिद्रांच्या भिंतींवर दाब पडून पापुद्रे सुटतात. यालाच लोणा लागणे म्हणतात. सल्फेटांची सिमेंटमधील घटकांशी विक्रिया होऊन अधिक आकारमानाची संयुगे तयार होतात व काँक्रीट फुगून भेगाळते.

क्लोराइडांचा धोका सळ्यांना अधिक असतो. चांगल्या काँक्रीटचे पीएच मूल्य सु. १२·५ ते १३ असते व अशा क्षारीय माध्यमात सळईवर संरक्षक पटल टिकते. क्लोराइडे हे पटल भेदतात. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे पीएच मूल्य ९ च्या आसपास उतरल्यासही पटल नाहीसे होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने सळईच्या दिशेने भेग पडते, तपकिरी डाग दिसतात व अखेर काँक्रीटचे तुकडे गळून पडतात. छतापासून सुटलेला असा तुकडा खाली वावरणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो.

उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. अशा हवेत ताज्या काँक्रीटमधील पाणी लवकर उडून केशभेगा पडतात. पुरेसे पाणी न मारल्यास वरचा थर कच्चा राहून त्याची भुकटी होते. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. उथळ पाया तिच्याबरोबर हलल्याने पडणाऱ्या भेगा बहुधा तिरप्या असतात आणि ऋतुमानाप्रमाणे रुंदावतात व मिटतात.

परीक्षण : हलक्या हातोडीने ठोकल्यास सुटलेला भाग पोकळ आवाज देतो. भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवून ठेवल्यास ती फुटण्यावरून भेग वाढती आहे असे कळते. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्‌फ्थॅलिनाचा विद्राव लावल्यास क्षारीय भाग गुलाबी होतो. रंग न येणाऱ्या भागाची खोली सळईपर्यंत पोहोचली असल्यास गंजाचा धोका असतो. क्लोराइडांचे प्रमाण मात्र या कसोटीने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषण करावे लागते.

दुरुस्ती : प्रथम ओलीचा उगम बंद करतात. छताचा उतार व गळती सुधारणे, भिंतीलगतचे पाणी दूर नेणे आणि जोत्यातील ओलरोधक थर दुरुस्त करणे यांचा त्यात समावेश होतो. लोणा कोरड्या ब्रशाने काढून गोळा करतात. केवळ धुतल्यास लवणे पुन्हा आत शिरतात. ओल कायम असताना तैलरंग लावल्यास ती अडून रंगासह पापुद्रे सुटतात.

गंजलेल्या भागातील सैल काँक्रीट घट्ट थर लागेपर्यंत काढतात. सळईच्या मागेही सु. २० मिमी. जागा मोकळी करून सळई चकचकीत होईपर्यंत घासतात व तिला गंजरोधक लेप देतात. नंतर जुना पृष्ठभाग भिजवून, वर साचलेले पाणी पुसून, बहुवारिकयुक्त सिमेंट मसाला थराथरांनी दाबून भरतात व ओला ठेवतात. क्लोराइडयुक्त काँक्रीट शिल्लक राहिल्यास डागडुजीच्या कडेला पुन्हा गंज चढतो. स्थिर भेगेत एपॉक्सी रेझीन भरता येते; हलत्या भेगेत लवचिक भरण वापरून पायाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. सळई बरीच झिजली असल्यास किंवा छत, तुळई वा खांब वाकल्याचे दिसल्यास आधार देऊन संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक असते.

प्रतिबंध : भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार प्रबलित काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात दर लिटरला क्लोराइडे ५०० मिग्रॅ.पेक्षा व सल्फेटे (सल्फर ट्राय-ऑक्साइडाच्या रूपात) ४०० मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावीत. उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे, असेही त्यात सांगितले आहे. खारपाण पट्ट्यात विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी तपासल्यावाचून काँक्रीट कालवण्यास किंवा त्यावर मारण्यास वापरू नये. पाण्याच्या तपासणीचा खर्च घराच्या खर्चाच्या मानाने नगण्य असतो. मात्र एकदा काँक्रीटमध्ये मिसळलेले मीठ पुढे कोणत्याही गिलाव्याने काढता येत नाही.