एका मोठ्या संख्येचे अवयव

२१ ला ३ व ७ यांनी भाग जातो, हे कोणीही चटकन सांगेल. २३ ला मात्र १ व २३ यांखेरीज कशानेही नि:शेष भाग जात नाही. म्हणून ती मूळ संख्या होय. लहान संख्यांचा हा निवाडा पाढ्यांच्या आधारे होतो. परंतु संख्या एकवीस अंकी असली तर?

सदुसष्ट वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या येते. तिचा नुसता उच्चार करतानाच दम लागतो! फ्रान्समधील मर्सेन नावाच्या विद्वान धर्मोपदेशकांनी १६४४ साली ही मूळ संख्या आहे, असे लिहून ठेवले. पुरावा त्यांनी दिला नव्हता. पण पडताळा पाहणे इतके कठीण, की ते विधान २३२ वर्षे खोडले गेले नाही.

१८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञांनी ते खोडले. ही संख्या मूळ नाही, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र तिचे अवयव कोणते, हे त्यांनाही सांगता आले नाही. हे कसे शक्य आहे? १५ ही संख्या घ्या. कोणतीही मूळ संख्या घेऊन तितक्या वेळा २ मांडले, त्यांचा गुणाकार केला व त्यातून २ वजा केले, तर बाकी राहिलेल्या संख्येस त्या मूळ संख्येने नि:शेष भाग जातो, असा नियम आहे. पंधरा वेळा २ मांडून केलेला गुणाकार ३२,७६८. त्यातून २ वजा जाता ३२,७६६ राहतात. त्यांस १५ ने भागले, तर ६ बाकी उरते. तेव्हा १५ मूळ नव्हे, हे ३ व ५ यांचे नावही न घेता कळले. ल्यूकांची कसोटी निराळी व अधिक सूक्ष्म होती, परंतु तिची जात हीच.

आता प्रश्न राहिला अवयवांचा. येथे अशा संख्यांचा एक गुण उपयोगी पडतो. अकरा वेळा २ मांडून गुणाकार केला व त्यातून १ वजा केला, तर २,०४७ येतात. त्यांचे अवयव २३ व ८९. दोहोंना ११ ने भागून पाहा. बाकी १ च उरते. त्याचप्रमाणे आपल्या मोठ्या संख्येच्या प्रत्येक अवयवास ६७ ने भागले असता १ उरला पाहिजे. शिवाय तो अवयव विषम असणार. म्हणून १३५, २६९, ४०३ अशा, १३४ च्या अंतराने येणाऱ्या संख्याच तपासावयाच्या. काम पुष्कळ हलके झाले खरे. तरी पहिला अवयव या रांगेत १४,४५,५८० व्या स्थानी उभा आहे!

अमेरिकेतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांनी ही रांग आणखी चाळण्या लावून विरळ केली. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत ते फळ्यापाशी गेले. असे सांगतात, की त्यांनी तोंडातून एक शब्दही काढला नाही. फळ्याच्या एका बाजूस त्यांनी ती मोठी संख्या दोनाच्या गुणाकाराने काढली. दुसऱ्या बाजूस १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७ या संख्या मांडून त्यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे अंकाला अंक जुळली. कोल जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

हे अवयव शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी पुढे सांगितल्याची आख्यायिका आहे. आज संगणक हेच काम क्षणार्धात करतो. त्यांचा गुणाकार पडताळून पाहण्यास मात्र वहीचे एक पान पुरते.