जुन्या खिडक्यांची डागडुजी



संस्कृतात खिडकीला गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा, असे नाव आहे. डोळ्यात काही खुपू लागले म्हणून कोणी डोळा काढून टाकीत नाही. खिडकीची झडप लागेनाशी झाली, की मात्र आपण सागवानी चौकटच भंगारात काढून तेथे अॅल्युमिनियमची बसवितो. सागाचे जुने लाकूड पुन्हा मिळणे दुर्घट असते, आणि बिघाड बहुधा वीतभरच असतो.

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, सिरुसेरी हे गाव आहे. तेथील माहिती-तंत्रज्ञान उद्यानामुळे दूरदूरच्या प्रांतांतील माणसे तिकडे वस्तीस आली आहेत. समुद्र अवघ्या काही किलोमीटरवर असल्याने हवा दमट व खारी. अशा ठिकाणी जुन्या लाकडी खिडक्यांचे घर वाट्यास आलेल्या मराठी माणसाने एक गोष्ट आधी ध्यानी घ्यावी. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येतो. तेथे वर्षातील निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्येच्या वाऱ्याबरोबर येतो. तेव्हा मार सोसतात त्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडक्या. १२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्यावर आदळले. अशा दिवशी ढिली झडप ही केवळ गैरसोय राहत नाही, ती अपघाताचे कारण होते. डागडुजीचा योग्य काळ म्हणजे फेब्रुवारी ते मे.

लाकूड पाणी पिऊन फुगते ते आडवे. रेषांच्या लांबीत ते जवळजवळ वाढत नाही. म्हणून पावसाळ्यात झडप अडकली, तरी लगेच रंधा मारू नये. उन्हाळ्यात तीच झडप आकसते, आणि रंधलेल्या जागी कायमची फट राहते. लाकडातील ओलावा दीर्घकाळ शेकडा वीसच्या वर राहिला, की त्यात कुजविणारी बुरशी वाढू शकते. पाणी अधिक शिरते ते कापलेल्या टोकांतून. यास्तव कूज प्रथम खालच्या कोपऱ्यांत व सांध्यांत दिसते. तेथे टोचा खुपसून पाहावा. तो सहज आत गेला, तर लाकूड कुजले आहे.

कुजलेला भाग निरोगी लाकडापर्यंत पटाशीने काढावा, जागा पूर्ण सुकू द्यावी आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा, रेषा जुळवून, पाण्यात न सुटणाऱ्या सरसाने बसवावा. खड्डा सिमेंटने बुजवू नये. लाकूड हलते, सिमेंट हलत नाही, आणि मधल्या भेगेत पाणी साचते. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतात, पितळी वापरावेत.

तावदानाभोवतीची लांबी, म्हणजे खडूची पूड व जवसाचे तेल यांचा लगदा, तडकली असेल तर खरवडून काढावी. नवी भरण्यापूर्वी खाचेस जवसाच्या तेलाचा हात द्यावा. नाही तर कोरडे लाकूड लांबीतील तेल शोषून घेते व ती पुन्हा तडकते. लांबीला बाहेर उतार द्यावा. एक-दोन आठवड्यांनी तिच्यावर साय धरली, म्हणजे रंग द्यावा, आणि तो काचेवर दोन मिलिमीटर चढवावा. त्याने काच व लांबी यांतील फट बंद होते. चौकट व भिंत यांतील भेग लवचीक लुकणाने बुजवावी. मात्र खालून पाणी निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी.

दोन सावधगिरीच्या सूचना. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, तोंडास चांगली मुखपट्टी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे. दुसरे असे, की जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेट घेतो. त्या घराबाहेर पसरून वाळवाव्यात, अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

यानंतर वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, खालचे कोपरे तपासावेत आणि रंगाचे पोपडे दिसताच तेथे हात फिरवावा. एवढी काळजी घेतली, तर आजोबांच्या काळची खिडकी नातवंडांसही वारा देत राहील.